देवीचं लाकूड

झाडांची लहानपणापासून आवड होती म्हणून मी वनतुकडीत गेलो, असं माझ्याबद्दल एक-दोन ठिकाणी छापून आलं आहे. मी ते कधी खोडून काढलं नाही. शाळांच्या सहली आमच्या देवराईत येतात, पोरं वह्या उघडून विचारतात, 'सर, तुम्हाला प्रेरणा कुठून मिळाली?' आणि मी सांगतो, 'वडिलांकडून.' ते खोटं नाही. पण पोरांना वाटतं, वडिलांनी बोटाला धरून रोपं दाखवली असतील, पाखरांची नावं शिकवली असतील. आता चढ चढताना गुडघे कुरकुरतात, आणि ज्यांना राग यावा अशी माणसंही फारशी उरली नाहीत, तेव्हा एकदा खरं लिहून ठेवतो. मी वनतुकडीत गेलो तो एका माणसाचा सूड घ्यायला. झाडं वाटेत आली, एवढंच.

आमचं गाव घोडेगावच्या वरच्या अंगाला. एसटी जिथं वळून माघारी फिरते तिथून पुढं पायवाट, मग ओढा, मग घरं. घरांच्या मागं डोंगर आणि डोंगराच्या कुशीत वाघजाईची राई. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, त्या राईचे राखणदार. त्याला ना पगार ना हुद्दा. आजोबा करायचे म्हणून ते करायचे. राईतली वाळली काडीसुद्धा कुणी घरी न्यायची नाही, झाड पडलं तर पडल्या जागी कुजायचं, असा रिवाज होता. अपवाद एकच. गावात कुणी गेलं तर सरणापुरतं पडझडीचं लाकूड राखणदारानं काढून द्यायचं. गेलेल्या माणसाला देवी नाही म्हणत नाही, असं आण्णा सांगायचे. भर पावसातसुद्धा ते जाऊन कुठल्यातरी पडलेल्या झाडाच्या पोटातलं सुकं लाकूड शोधून आणत. मेलेला माणूस त्यांच्याशी जन्मभर भांडलेला असो की बांध कोरून बसलेला असो, त्यांनी कधी आडवंतिडवं विचारलं नाही.

आणि दुसरा माणूस तात्या. त्याचं नाव लिहीत नाही. गावात तात्या एकच होता. देवस्थानाचा पंच तोच, कारभारी तोच, सगळ्यात मोठा शेळ्यांचा कळप त्याचाच, आणि मंचरच्या व्यापाऱ्यांशी ऊठबसही त्याचीच. अंगानं सुकडा, आवाज मात्र खणखणीत, आणि पटका कायम असा शुभ्र की त्याच्या बायकोची दया यावी. एका वर्षी त्याच्या मनात आलं की वाघजाईला पक्कं देऊळ पाहिजे, आणि देवळासाठी राई तोडून कोळसा पाडावा. लोक बिचकले. तेव्हा तो म्हणाला, आपण कशाला ठरवायचं, आईलाच विचारू. मग कौल लावला. आमच्याकडं कौल लावायचा म्हणजे देवीच्या दगडाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या आणि मनातलं बोलायचं. उजवी पाकळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. तात्यानं पाकळ्या लावल्या आणि त्यानं हात जोडायच्या आत उजवी पडली.

त्यानंतर कितीतरी महिने भट्ट्या धुमसत होत्या. भाकरीला धूर, दुधाला धूर, अंगावरच्या कपड्यांना धूर. ट्रक ओढ्यापर्यंत येऊन उभे राहायचे. ऐन, जांभूळ, हिरडा, दोघांच्या कवेत न मावणारा आंबा, सगळं गेलं. देऊळ झालं म्हणजे काय, तर चार खांब आणि वर गळका स्लॅब. कौल पडला त्याच दिवशी आण्णा भर गावात एवढंच म्हणाले होते, 'आई असं सांगायची न्हाई.' त्यावर पंचांनी ठरवलं की यानं देवीच्या कौलावर शंका घेतली, यानं देवीपुढं नाक घासून माफी मागावी. मी तिथं होतो. आण्णा गुडघे टेकून बसले, तात्यानं त्यांच्या मानेवर हात ठेवला आणि दगडाच्या उजव्या खांद्यावर त्यांचं नाक घासायला लावलं. घरी आल्यावर आण्णांनी आईला बोलावलं, नाकाचा शेंडा पुढं केला आणि म्हणाले, 'वास घे.' आईनं घेतला. 'त्याल,' ती म्हणाली. शेंदूर देवीच्या फक्त कपाळाला, खांदे नुसते काळे कोरडे दगड. त्या उजव्या खांद्याला कुणीतरी गोडेतेलाचा हात फिरवला होता. तेलावर पाकळी ठरते होय? ज्या माणसाला शिक्षा म्हणून त्यांनी दगडाला भिडवलं, त्यालाच लबाडी कळली. पण आण्णा पुढं काही बोलले नाहीत. बोलून काय, परत नाक घासायचं.

पुढच्या पावसाळ्यात आण्णांना ताप आला आणि तो त्यांना घेऊनच गेला. आठवडाभर झड लागलेली. राईच्या जागी नुसती खोडं, डोंगर बोडका, घराघरांत चुलीपुरतं सरपण. पण तात्याच्या अंगणात ताडपत्रीखाली राईतलं शेवटचं लाकूड रचून ठेवलेलं होतं, ट्रकची वाट बघत. आई स्वतः गेली. नवरा घरात मेलेला आणि बाई दारोदार फिरते आहे, असं आमच्याकडं होत नाही, पण ती गेली. मी तिच्या मागं होतो. तात्या ओट्यावर बसून तंबाखू मळत होता. त्यानं आईचं पुरतं ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'ते देवीचं लाकूड हाय, बाई. मानसाला लावता येत न्हाई.'

आम्ही घरी आलो आणि गोठा उतरवला. आधी शाकारलेलं गवत ओढून काढलं, मग वासे, मग आढं. चुलत्यानं आण्णांची बाजही मोडून घेतली. वासे जुने, वाळवी लागलेले, वरून पाऊस. जे झालं ते पुरतं लिहिता येणार नाही. दुसऱ्या दिवशी स्मशानात परत जावं लागलं, एवढं लिहितो.

गोठा गेल्यावर म्हैस घरात आली. घर एका खणाचं. एका बाजूला चूल, एका बाजूला म्हैस, मधे आम्ही मायलेक. तिचं रवंथ करणं, शेपटी भिंतीवर आपटणं, तिच्या धारेचा आवाज, हे सगळं उशाशी. आई नाचणीच्या भाकरी थापायची, वर हुलग्याचं माडगं, कधी ओढ्याच्या कडेची कुर्डूची भाजी. भाकरी थापताना ती पूर्वी ओव्या म्हणायची, बांगड्या वाजायच्या, आता ओव्या गेल्या, विधवा म्हणून बांगड्याही गेल्या आणि पिठावर हाताचा थपथप आवाज तेवढा राहिला. त्या आवाजावर मी तात्याचे बेत करायचो. गंजी पेटवावी का, शेळ्यांना काही खायला घालावं का, वाटेत गाठून दगड घालावा का. आई कधी काही बोलायची नाही. एकदा मात्र माझ्या तोंडाकडं बघत म्हणाली, 'जेव आधी. उपाशी पोटी इचार करू नगं.'

बारावी झाली आणि नोकरी कुठं आहे का ते बघायला मी घोडेगावला पंचायत समितीत चकरा मारत होतो. तिथल्या भिंतीवर एक कागद दिसला. पुण्याची एक संस्था तरुण पोरापोरींची वनतुकडी काढत होती. डोंगर राखायचे, चर खणायचे, उजाड रानं परत उभी करायची. राहणं-खाणं त्यांचं. खाली लिहिलं होतं, तुकडीतले लोक आपापल्या भागातले डोंगर सुचवू शकतील, आणि निवडलेल्या डोंगरावर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली जाईल. ती ओळ मी तिथं उभ्या उभ्या परत परत वाचली. चराईबंदी. तात्याच्या शेळ्या आमच्या डोंगराशिवाय जाणार कुठं?

पहिले काही महिने प्रशिक्षण होतं घाटघरला, एका रिकाम्या गोदामात. तिथला वारा काय सांगू. नाणेघाटातून तो असा यायचा की ताटातली भाजी शेजाऱ्याच्या ताटात जाऊन पडावी. आमच्या प्रमुख होत्या वसुधाताई, पुण्याच्या, वनस्पतिशास्त्र शिकलेल्या, पँट आणि कॅनव्हासचे बूट घालणाऱ्या. त्या चालायच्या भरभर आणि बोलायच्या त्याहून भरभर. माझ्या शेजारी पथारी होती सुनीलची. तो मंचरच्या बाजूचा, बाप एसटीच्या डेपोत मेकॅनिक. ट्रंकेवर त्यानं निळा झेंडा चिकटवला होता आणि ट्रंकेत पुस्तकं होती. खाण्याची सोय म्हणजे मंचरहून येणारी बटाट्याची पोती. बटाट्याची भाजी, बटाट्याचा रस्सा, बटाटा घातलेली खिचडी. सुनील कपाळावर हात मारून म्हणायचा, 'बटाट्याला कंटाळून घरनं पळून आलो राव, तर ह्यो माझ्याआधी येऊन बसलाय.'

सकाळी उठून समतल चर खणायचे. तीन लाकडांचा एक तिकोन, मधे ओळंबा, त्यानं डोंगराची पातळी धरायची आणि त्या रेषेवर कुदळ मारत जायचं. मुरमावर कुदळीचा आवाज एकदा सुरू झाला की दुपारपर्यंत थांबायचा नाही. मी सगळ्यांच्या पुढं असायचो. वसुधाताईंनी माझं कौतुक केलं की बघा, याला कामाची किती ओढ. त्या गेल्यावर सुनीलनं पाण्याची बाटली माझ्यापुढं धरली आणि विचारलं, 'कुनाला मारतोयस रं?' मी म्हणालो, 'म्हंजी?' 'म्हंजी काय? जमीन कुनी इतकी रागानं खनत न्हाई.' मग मी त्याला सगळं सांगितलं, तेलासकट. त्यानं पुरतं ऐकलं, बाटलीचं झाकण लावलं. शेवटी म्हणाला, 'कायद्यानं धर त्याला. लबाड मानसाला कायद्याची लई चीड असती.'

डोंगर निवडायची वेळ आली तेव्हा मी वसुधाताईंना गावी आणलं. आईनं त्यांना चहा दिला, म्हशीकडं बघून त्यांनी काही विचारलं नाही, याचं मला बरं वाटलं. मी त्यांना राईत नेलं. मला वाटलं होतं त्या हळहळतील. त्या तर गुडघ्यावर बसल्या आणि एका ऐनाच्या खोडाला चाकूनं खरवडू लागल्या. खालून हिरवं निघालं. मग दुसरं खोड, मग तिसरं. प्रत्येक खोडाच्या बुंध्याला बोटभर उंचीची फुटव्यांची जाळी होती, शेंडे कुरतडलेले. 'हे काही मेलेलं नाही,' त्या म्हणाल्या. 'दरवर्षी फुटतंय आणि दरवर्षी शेळ्या खाताहेत. इथं एकही रोप लावायची गरज नाही. फक्त शेळ्या थांबव.' मला हसू आवरेना. त्यांना वाटलं, झाडं जिवंत आहेत म्हणून हसतोय. म्हणजे आण्णा गेल्यापासून दरवर्षी ती खोडं उठू बघत होती आणि दरवर्षी तात्याच त्यांना बसवत होता. जे एकदा तोडलं ते तो दर पावसाळ्यात परत परत तोडत होता.

संस्थेचा नियम असा की गावाची संमती पाहिजे. गाव जमलं, वसुधाताई बोलल्या, नकाशे दाखवले. लोकांना पटत होतं, पण सगळे तात्याच्या तोंडाकडं बघत होते. तात्यानं पटका सारखा केला आणि गोड आवाजात म्हणाला, 'ताई, तुमचं समदं बरोबर हाय. पर राई आईची. तोडताना आईला इचारलं व्हतं, बंद करतानाबी इचारू. कौल लावू.' सुनील माझ्या कानाशी म्हणाला, 'ग्रामसभा बसलीय, हात वर करा म्हनावं. दगडाला कशाला इचारायचं?' पण मी उठून उभा राहिलो होतो. मी म्हणालो, 'लावू. उद्या सकाळी लावू.' वसुधाताईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. 'मारुती, हे मी अहवालात लिहू कसं?' एवढंच त्या म्हणाल्या.

सकाळी सगळं गाव देवळापाशी. तात्या उपाशी, अंघोळ केलेला, पाकळ्यांचं ताट घेऊन पुढं आला. मी तुकडीचं चहाचं पातेलं भरून कढत पाणी आणलं होतं, आणि आईच्या चुलीतली राख. मी ते देवीसमोर ठेवलं आणि म्हणालो, 'आधी आईला अंघोळ.' तात्या थबकला. 'कौलाआधी अंघोळ? कुनी शिकिवलं तुला?' मी या वाक्याची किती वर्षं वाट बघितली होती. म्हणालो, 'माझ्या बापानं. तुमी त्याचं नाक ह्या दगडावर घासलंत ना तात्या, तवा उजव्या खांद्याला गोडेतेलाचा वास आला व्हता त्याला. घरी येऊन आईला हुंगायला लावलं व्हतं.' मागं बायकांत आई उभी होती. कुणीतरी तिला विचारलं, 'खरं का गं?' ती तोंडातून शब्द काढायची नाही अशी मला भीती होती. ती म्हणाली, 'खरं हाय. अजून त्यो वास नाकात हाय माज्या.'

मी राख लावून दोन्ही खांदे घासले. आज डावा खांदा बुळबुळीत होता. बोटं घसरत होती त्यावरून. ते मी सगळ्यांना दाखवलं, हात वर करून. मग कढत पाणी ओतलं, दोन्ही खांदे सारखेच धुतले, सारखेच पुसले. हे मी आजही वाघजाईच्या शपथेवर सांगतो. मला लबाडी करता आली नसती असं नाही. पण लबाडीनं जिंकलो असतो तर तात्याला आत कुठंतरी समाधान मिळालं असतं, आणि मला त्याला तेवढंही द्यायचं नव्हतं. पाकळ्या त्यालाच लावायला लावल्या. लावण्याआधी त्यानं दगडाला डोकं टेकवलं. हा माणूस देवीला फसवायचा, पण तिला मानायचाही. असली माणसं आमच्याकडं रग्गड आहेत. मी मोठ्यानं विचारलं, 'आई, राई बंद करू का?'

पाकळ्या चिकटून राहिल्या. ऊन वर आलं. पोरं चुळबुळायला लागली, एका म्हाताऱ्याला बसायला घोंगडी दिली. डावी पाकळी हळूच सुटली आणि एका टोकावर लोंबकळली. ती पडली असती तर गावानं माझ्या बापाला दुसऱ्यांदा खोटं पाडलं असतं, आणि या खेपेला माझ्या हातानं. शेळ्या राईत, तात्या ओट्यावर, आणि मी कुठं तोंड दाखवायचं? ती तशीच लोंबत राहिली. मग खालून वारा आला आणि उजवी पडली. देवी बोलली की वारा बोलला, याच्याशी मला तेव्हाही कर्तव्य नव्हतं. माझं लक्ष तात्याकडं होतं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

मला वाटलं, आता लोक त्याचं नाक घासायला लावतील. मी वाटच बघत होतो. पण म्हातारी माणसं म्हणाली, झालं गेलं, आता कशाला. आण्णांच्या वेळी कुणाला असं सुचलं नव्हतं. तात्या पटका सावरत खाली उतरून गेला आणि लोकांनी त्याला वाट करून दिली. त्या दिवशी राई जिंकलो आणि घरी येऊन मी जेवलो नाही.

मग राखण सुरू झाली. तुकडीतले सगळे असायचे, पण रोज न चुकता मीच. उन्हाळ्याआधी राईभोवतीचं गवत जाळून पट्टा काढायचा, म्हणजे वणवा आत शिरत नाही. आणि शेळ्या. तात्याच्या शेळ्यांना सवय होती, त्या यायच्याच. मी त्या वळवून कोंडवाड्यात नेऊन घालायचो. तात्याचा मुलगा पांडुरंग दंड भरून सोडवून न्यायचा, मी परत घालायचो. कोंडवाड्यात त्या ओरडायला लागल्या की तात्याच्या ओट्यापर्यंत ऐकू जायचं. तो आवाज ऐकत मी भाकरी खायचो. त्या काळात मला जेवण चांगलं लागायला लागलं. हळूहळू तात्यानं शेळ्या कमी केल्या, मग विकल्याच. वसुधाताई एकदा म्हणाल्या, 'मारुती, इतका राग मनात ठेवून झाडं कशी वाढवतोस रे?' मी म्हणालो, 'ताई, रागावरच वाढलीत.' त्या हसल्या नाहीत.

आणि वाढलीच की. फुटवे गुडघ्याला आले, छातीला आले, मग आत शिरल्यावर मी बाहेरून कुणाला दिसेना. शेकरू परत आलं. पावसाळा संपताच आटणारा झरा दोन महिने जास्त वाहू लागला. संस्थेचं काम संपलं, तुकडी मोडली, सुनीलला जुन्नरला नोकरी लागली, वसुधाताई दुसऱ्या जिल्ह्यात गेल्या. राई मात्र राहिली आणि गावानं राखण माझ्याकडं दिली. आण्णांची जागा. सरणाचा रिवाजही परत सुरू केला. कुणी गेलं की मी पडझडीचं लाकूड काढून द्यायचो, आण्णा द्यायचे तसं. गोठाही परत बांधला, पत्रे घालून. म्हैस घराबाहेर गेली तेव्हा आईला कितीतरी दिवस झोप लागेना.

आणि मग एका पावसाळ्यात तात्या गेला. तशीच झड, तसाच चिखल. सकाळी पांडुरंग आमच्या ओट्यावर आला, डोक्यावर पोत्याची खोळ, पाठीमागं गावातले चार जाणते. राईत त्याच आठवड्यात एक मोठं जांभूळ कोसळलं होतं, सगळ्यांना माहीत होतं. पांडुरंग भला माणूस, शेळ्या सोडवायला यायचा तेव्हाही कधी वाकडं बोलला नव्हता. तो म्हणाला, 'मारुतीभाऊ, म्हातारं गेलं. लाकडाचं बघता का?'

मी गोठ्यात धार काढत होतो. धार पुरती काढली, तांब्या बाजूला ठेवला. हे वाक्य मी इतकी वर्षं जपून ठेवलं होतं की तोंडात आणताना त्याला धक्काही लागू दिला नाही. मी म्हणालो, 'ते देवीचं लाकूड हाय, पांडुरंग. मानसाला लावता येत न्हाई.'

पांडुरंगला ते वाक्य कुठलं आहे ते कळलं नसेल. तो तेव्हा लहान होता. पण मागचे जाणते खाली बघायला लागले. त्यांतला एक घोगऱ्या आवाजात म्हणाला, 'मारुती, समद्यांना दिलंस की.' मी म्हणालो, 'दिलं.' मग मी पांडुरंगला म्हणालो, 'तुमच्या गोठ्याला वासे हायेत. चांगले सागाचे हायेत.' त्यानं डोक्यावरची खोळ पुढं ओढली. मग गेला.

आई दारात होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता ती काहीतरी म्हणेल, निदान मान तरी हलवेल. तिच्यासाठीही होतं ते. ती म्हणाली, 'तुज्या बापानं सरनाला कुनाला न्हाई म्हटलं न्हवतं.' मी म्हणालो, 'म्हनून तर गोठ्यावर जळला.' ती आत गेली, माळ्यावरच्या सुक्या गवऱ्या खाली काढल्या, पाटीत रचल्या, पाटी ओढत ओट्यावर आणली आणि वर प्लास्टिक बांधलं. भरलेली पाटी एकट्यानं डोक्यावर घेता येत नाही, दुसऱ्याचा हात लागतोच. ती पाटीजवळ उभी राहून म्हणाली, 'हात लाव.'

मी गोठ्यात बसलो होतो. ऐकू न आल्यासारखं केलं नाही. तिच्याकडं बघत होतो. उठलो नाही. ती थोडी थांबली. मग पाटी ओट्याच्या कडेवर सरकवली, खालच्या पायरीवर उतरून वाकली, चुंबळ सावरत मान पाटीखाली घातली आणि दोन्ही हातांनी कशीबशी उचलली. साठीच्या पुढची बाई. चिखलातून ती तात्याच्या घराकडं वळली तेव्हा तिकडं गोठ्याचे पत्रे उचकटायला सुरुवात झाली होती. खिळे निघताना पत्रा जो ओरडतो तो आवाज मला गोड लागला. खोटं कशाला लिहू, आजही आठवला की गोड लागतो.

आई त्यानंतर बरीच वर्षं जगली. पाणी आणायची, गवताचे भारे आणायची, सरपण आणायची. मी समोर असलो तरी भारा बांधावर टेकवून स्वतःच मान खाली घालायची. मला तिनं पुन्हा कधी कुठल्याच ओझ्याला हात लाव म्हटलं नाही.